पोरं 'खोटी' कुस्ती का बघतात? कोल्हापूरच्या वस्तादांना आणि मैदान भरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरातल्या तालमींचे वस्ताद, तालीम मंडळांचे पदाधिकारी आणि शहर-जिल्ह्यात कुस्ती मैदानं भरवणाऱ्या कमिट्या

सादर नमस्कार.

मैदान गावजत्रेचं असो की खासबागेतलं, माईकवरून एक वाक्य हमखास येतं. "आजची पोरं टीव्हीवरची खोटी कुस्ती बघतात आणि मातीतल्या खऱ्या कुस्तीकडं पाठ फिरवतात." टाळ्या पडतात. टाळ्या देणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे असतात. ज्या पोरांबद्दल हे चाललेलं असतं ती तिथंच बांबूच्या कठड्याला लोंबकळत उभी असतात, पण बाबांनो, तिकडं काय दिसतं तुम्हाला, असं त्यांना कुणी विचारत नाही.

मी पैलवान नाही. लहानपणी तालमीत जाऊन चार जोर मारले आणि हौद्यातली माती कानात घेऊन घरी आलो, एवढीच माझी कमाई. पण प्रेक्षक म्हणून माझी निम्मी हयात खासबागेच्या उतारावर गेली आणि उरलेली केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताचं डब्ल्यूडब्ल्यूई), म्हणजे अमेरिकेतल्या कंपनीची ती 'खोटी' कुस्ती बघण्यात. दोन्हीचा नाद. म्हणून दोन्हीकडचं ठाऊक असलेला माणूस या नात्यानं लिहितोय, आणि म्हणणं आधीच सांगून टाकतो. प्रेक्षक बिघडलेला नाही. तो दर पिढीला बदलत आलाय. त्या 'खोट्या' कुस्तीवाल्यांनी हे ओळखून दर पंधरा-वीस वर्षांनी आपला सगळा मांड बदलला. आपण मात्र मांड तोच ठेवलाय आणि माणसं जुन्यासारखी कधी होतील याची वाट बघत बसलोय.

आधी आपल्याच घरात बघू. खासबाग मैदान १९१२ सालचं. शाहू महाराज १९०२ मध्ये एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम बघितलं आणि तसं मैदान आपल्या गावात हवं म्हणून हे बांधून घेतलं, ही गोष्ट आपल्याकडं शेंबडं पोरगंही सांगतं. पण बांधणीकडं नीट बघा. मधे आखाडा, चारी बाजूंनी चढत गेलेला उतार. कुठंही बसा, पुढच्याचा फेटा आड येत नाही. म्हणजे राजानं शंभर वर्षांपूर्वी विचार केला तो बघणाऱ्याच्या नजरेचा. आणि याच मैदानाला पाठ लावून १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं केलं, आजचं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. अल्याड कुस्ती, पल्याड नाटक. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह पेटलं तेव्हा बघायला धावलेल्या गर्दीत नटही होते आणि पैलवानही, आणि दोन्हीकडं आयुष्यभर तिकिटं काढलेले आमच्यासारखेही.

अमेरिकेतल्या लोकांनी काय केलं, तर मधली भिंत काढून टाकली.

ती का काढली, हे मात्र आपल्याकडं कुणी सांगत नाही. तिकडच्या मोठ्या कुस्त्याही एके काळी आपल्यासारख्याच तासन्‌तास चालायच्या. १९०८ मध्ये शिकागोत फ्रँक गॉच आणि हॅकेनश्मिट दोन तास भिडले होते. १९१६ मध्ये ओमाहा गावात जो स्टेकर आणि एड लुईस पाचेक तास एकमेकांना धरून राहिले आणि शेवटी कुस्ती बरोबरीत सुटली. पैसे मोजून आलेलं पब्लिक अशा वेळी पंचांच्या नावानं काय बोलतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. पुढं १९२० च्या दशकात हाच लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँट नावाचा तिसरा गडी, अशा तिघांनी धंद्याची सूत्रं हातात घेतली. वेळेची मर्यादा आली, उचलून आपटणं आलं, दोरांवरून बाहेर फेकणं आलं आणि निकाल आधी ठरायला लागला. त्यांचं गणित सोपं होतं. जाणकाराला मिठीतली ताकद दिसते, बाकीच्यांना नुसती मिठी दिसते. आणि तिकिटं बाकीचेच जास्त काढतात.

याचा एक धागा आपल्या गामा पैलवानापर्यंत येतो. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये गामासमोर उतरला तो पोलंडचा झिबिस्को. अडीच तासांहून जास्त वेळ तो चटईला चिकटून पडला आणि हार टाळली. आठवड्यानं पुन्हा कुस्ती ठेवली, तर हा आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळात गामानं त्याला मिनिटाच्या आत चीत करून हिशेब पुरा केला, इथपर्यंत आपल्याला पाठ असतं. मधलं सांगतो. या मधल्या काळात झिबिस्को अमेरिकेत त्या ठरवलेल्या कुस्त्यांच्याच धंद्यात होता. १९२५ मध्ये फिलाडेल्फियाला वेन मन नावाच्या चॅम्पियनपुढं त्यानं हरायचं ठरलं होतं. मन मूळचा अमेरिकन फुटबॉलवाला, कुस्तीत कच्चा. झिबिस्कोनं ठरलेलं गुंडाळून ठेवलं आणि भर मैदानात त्याला खरोखरच पुन्हा पुन्हा चीत केलं. आता यातलं खरं काय आणि खोटं काय, तुम्हीच ठरवा.

तेव्हा 'त्यांना कुस्ती येत नाही' असं सरसकट म्हणू नका. टीव्हीवरच्या त्या मल्लांतला कर्ट अँगल हा १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला, ब्रॉक लेस्नर २००० सालचा अमेरिकन विद्यापीठांचा विजेता. कुस्ती येते, म्हणूनच ते नव्वद-शंभर किलोचा माणूस मानेवर पाडतात आणि तो दुसऱ्या दिवशी चालत दुसऱ्या गावाला जातो.

आता पिढ्यांचं बघू. आमचे आबा श्रीपती खंचनाळे आणि गणपत आंदळकरांच्या काळातले. १९५९ ला खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्याच साली आंदळकर. या दोन नावांवर अख्ख्या पेठेनं दूध पिलं. पण हेच आबा मुंबईला पाव्हण्यांकडं गेले की वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँगची कुस्ती बघून यायचे. आंदळकरांबद्दल ज्या अभिमानानं बोलायचे त्याच अभिमानानं दारासिंगबद्दलही. मी एकदा म्हणालो, "आबा, ती ठरवून असायची म्हणं." आबा म्हणाले, "आसंल. पण किंगकाँगला डोक्यावर उचलला, ते काय ठरवून उचलता येतंय व्हय?" आजवर मला या प्रश्नाचं उत्तर सापडलेलं नाही.

त्या पिढीला हवा होता तो आपला माणूस बाहेरच्याला पाडताना. पंजाबचा असो, दिल्लीचा असो. बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी सतपालला हरवलं, ती कुस्ती तिथं हजर नसलेली माणसंसुद्धा डावासकट सांगतात. बिराजदार लातूरकडचे, पण गंगावेस तालमीचे, म्हणजे आमचेच. अमेरिकेतही त्याच सुमाराला हीच भूक होती. तेहरानमध्ये अमेरिकी वकिलातीतली माणसं ओलीस धरली गेली होती, त्याची आग मनात होती. आणि जानेवारी १९८४ मध्ये हल्क होगननं आयर्न शेख नावाच्या इराणी मल्लाकडून विजेतेपदाचा पट्टा घेतला. एका रात्रीत होगन देशाचा हिरो. शेख खरोखरच इराणचा आणि खरोखरच कुस्ती शिकलेला होता, हा त्यातला आणखी एक गमतीचा भाग.

आमची पिढी केबलची. शाळेच्या दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मल्लांच्या ट्रंप कार्डांचा गठ्ठा. उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या आणि जिंकलेल्या कुस्त्या. मधल्या सुट्टीत वर्गाच्या मागच्या बाकावर बसून 'वजन!' असं ओरडायचं आणि समोरच्याचं कार्ड काढून घ्यायचं. आम्हाला अंडरटेकरची उंची पाठ होती, पण आमच्याच पेठेतल्या महाराष्ट्र केसरीचं वजन विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दोष कुणाचा? आमच्यासाठी ते कार्ड कुणी छापलंच नव्हतं.

आणि खोटं असल्याचं आम्हाला कळत नव्हतं असं मुळीच समजू नका. साताठ वर्षांचे असताना कळत नसेल, पण पाचवी-सहावीत प्रत्येकाचा एखादा थोरला भाऊ येऊन सांगायचाच. तिकडं डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मालकांनी स्वतःच १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढं कबूल केलं होतं की आमची ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. क्रीडा आयोगाचे नियम आणि कर आम्हाला लावू नका. कर वाचवायला गडी खरं बोलला! धंदा बुडेल असं लोकांना वाटलं होतं. उलट पुढच्या दहा वर्षांत तो कैकपटींनी वाढला. कारण प्रेक्षकाला निकालापेक्षा गोष्ट हवी होती. १९९७-९८ ला स्टोन कोल्ड ऑस्टिन रिंगणात येऊन कंपनीच्या मालकालाच बडवायला लागला. आता शत्रू परदेशी राहिला नव्हता, तो साहेब होता. ज्याला ज्याला साहेबाचं तोंड फोडावंसं वाटत होतं तो टीव्हीपुढं बसला. आमच्या वाड्यातले एक बँकेतले काकासुद्धा बसायचे, बातम्या बघतोय असं काकूंना सांगून.

मग जॉन सीना आला, आणि त्याच्या वेळी तर दोन पिढ्या एकाच मैदानात समोरासमोर आल्या. कंपनीनं २००८ च्या सुमारास रक्त, शिव्या कमी करून सगळा कार्यक्रम लहान मुलांना चालेल असा केला. सीना रिंगणात आला की निम्मं मैदान, म्हणजे पोरं आणि बाया, त्याच्या नावानं जयजयकार करायचं आणि उरलेले बापये त्याला तालासुरात शिव्या घालायचे. एकाच मल्लाला, एकाच वेळी. बाप होगनच्या नाहीतर ऑस्टिनच्या काळातला, पोरगं सीनाचं. बापाला राग होता तो सीनाचा नव्हताच, आपला काळ गेल्याचा होता. आपल्याकडं माईकवरून जे वाक्य येतं त्यातही मला हाच राग ऐकू येतो, क्षमा करा.

कंपनीनं काय केलं? दोघांनाही ओरडू दिलं. तिकीट दोघांनीही काढलेलं होतं.

आता आमच्या भाच्याची पिढी. याला निकाल ठरलेला असतो हे जन्मापासून माहीत आहे. तो त्याच्याही पुढं गेलाय: कुणाचा करार कधी संपतोय, कुणाला दुखापत आहे, कथा कोण लिहितंय, सगळं त्याला ठाऊक. २०१४ ला डॅनियल ब्रायन नावाच्या छोट्या चणीच्या मल्लासाठी प्रेक्षकांनी असा गदारोळ केला की कंपनीला आपल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाची कथा बदलावी लागली. २०२४ ला कोडी ऱ्होड्ससाठी पुन्हा तेच झालं. रॉकसारखा सिनेमातला बडा माणूस बाजूला सरकवून लोकांनी आपला गडी पुढं आणला. भाचा म्हणतो, "मामा, आमी ओरडलो म्हणून झालं." तो ओरडला होता आपल्या फुलेवाडीच्या घरात, मोबाईलपुढं. तरी त्याला तसं वाटतं. आपल्या मैदानात बसून त्याला कधी असं वाटेल का, याचा विचार करा.

याच भाच्याला मी एका मैदानाला नेलं होतं. गावाचं नाव घेत नाही, कमिटी ओळखीची आहे. बोर्डावर लिहिलेलं, दुपारी तीनला सुरू. तीनला नारळ-रेवडीच्या बक्षिसाच्या, बारक्या पोरांच्या कुस्त्या लागल्या. पोरगं कठड्यावर चढून बघत होतं. दोन बारकी पोरं, एकाच्या लंगोटाची गाठ सुटायला आलेली, ती एका हातानं धरून तो दुसऱ्या हातानं पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय ओढायला बघत होता. हलगीवाला त्यांच्याभोवती वाकून वाकून वाजवत होता. शेवटी त्या गाठवाल्यानं लंगोट सोडून दोन्ही हातांनी पट काढला आणि समोरच्याला पाडला. हसून हसून आणि ओरडून भाच्याचा घसा बसला. मोठ्या बक्षिसाच्या कुस्तीतही एवढा आनंद नाही, मी मनात म्हटलं.

मग जोड चांगले लागायला लागले आणि कार्यक्रम बिघडायला लागला. सहाला सत्कार सुरू झाले. पाहुण्यांना फेटा, शाल, नारळ. मग पाहुण्यांच्या पाहुण्यांना. आखाड्याच्या मधोमध वीस-पंचवीस माणसं बुटासकट उभी. होय, बुटासकट, त्या मातीवर, ज्या मातीत तुम्ही तेल, ताक, हळद, लिंबू घालता आणि पाया पडून उतरता. पोस्टरवरचे दोन मल्ल कडेला अंग गरम करून करून गार झाले. भाच्यानं विचारलं, "मामा, ह्या दोघांचं आधी काय झालंय?"

मला सांगता येईना. एक पुण्याच्या तालमीचा, एक बाहेरच्या राज्यातला. आधी भिडलेत का, कोण जिंकलं, कुणाचा हुकमी डाव कोणता, कोण ढाक टाकतो, कोण घिस्सा मारतो, काहीच माहीत नव्हतं. निवेदकानं दोघांनाही 'डोंगराएवढा' आणि 'वाघ' म्हणून घेतलं होतं, आधीच्या जोडालाही तेच म्हटलं होतं. रात्री अकराच्या पुढं कुस्ती लागली. खडाखडीतच, म्हणजे नुसती हातानं चाचपणी करण्यातच बराच वेळ गेला, दोन वेळा दोघं कडेला गेले, पंचांनी मधे आणले, आणि मग कुणीतरी हात वर केला: बरोबरी. बक्षीस निम्मं निम्मं. पोरगं झोपलं होतं. मी जागा होतो आणि मला चीड आली होती.

इथं आता खरा मुद्दा, आणि तो अवघड आहे. नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच आपसात ठरवून केलेली कुस्ती. तुम्ही सगळे जाणता, उतारावर बसलेला म्हातारा तर कुस्ती लागल्याबरोबर सांगतो, "ही सुटणार." मल्लाचीही बाजू आहे. एका हंगामात त्याला किती मैदानं मारायची असतात, बदाम-दुधाचा खुराक कुणाच्या बापाच्या पैशानं येतो, गुडघा गेला तर पुढच्या वर्षी विचारणार कोण? मी त्याला दोष देत नाही. पण मग टीव्हीवरच्याला खोटा म्हणायचा अधिकार आपल्याला राहत नाही. तो उघड सांगून नाटक करतो आणि नाटकात जीव ओततो. आपल्यातले काही जण खरं म्हणून सांगतात आणि वर नाटकही धड करत नाहीत. पोरांना ठरलेल्या कुस्तीचं वावडं नाहीच. त्यांना वावडं आहे ते फसवलं जाण्याचं, आणि ते चांगलंच आहे.

तुम्ही म्हणाल, प्रेक्षकासाठी कुस्ती बदलायची म्हणजे तमाशा करायचा का? तर नाही. फेब्रुवारी २०१३ आठवा. ऑलिंपिक समितीनं कुस्तीला २०२० पासून वगळायची शिफारस केली होती. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ज्या खेळात स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक दिलं, तोच खेळ बाहेर! आपल्या पोटात गोळा आला होता. त्या धक्क्यानं जागतिक संघटनेचा अध्यक्ष गेला आणि नियम बदलले. आधी दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, प्रत्येकीचा निकाल वेगळा, आणि गुण नसले तर पिशवीतून चेंडू काढून पकड कुणाची ते ठरवायचं. पैलवानाच्या आईलाही कळायचं नाही कोण पुढं आहे ते. ते जाऊन तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि सगळे गुण एकत्र झाले, आणि रेंगाळणाऱ्याला दंड वाढला. सप्टेंबरमध्ये कुस्ती परत आली. खरेपणाला धक्का न लावता बघणाऱ्याचा विचार करता येतो, आणि तो केला नाही तर काय होतं, दोन्ही एकाच वर्षात दिसलं.

आणि आपल्याच तालमी बघा की. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही नावं आज पोरांच्या तोंडात कशासाठी आहेत? फुटबॉलसाठी. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा ओस पडतात. तालमीच्या नावानं फुटबॉल खेळला म्हणून कुणी शाहू महाराजांचा अपमान झाला म्हटलं नाही. तिथं पोराला माहीत असतं: मागच्या वर्षी फायनलला काय झालं, कोण या संघातून त्या संघात गेला, यंदा कुणाचा वचपा काढायचाय. पेठेपेठेची खुन्नस हीच गोष्ट. कुस्तीत ती आपण हरवून बसलो.

पूर्ण हरवलेली नाही, हेही सांगतो. जानेवारी २०२३ च्या पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरची टांग या डावाला दिलेल्या चार गुणांवरून काय गहजब झाला! ज्या पोरांना टांग म्हणजे काय माहीत नव्हतं ती पोरं चहाच्या गाड्यावर मोबाईल धरून, चित्र थांबवून थांबवून, खांदा टेकला की नाही यावर भांडत होती. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गंगावेसच्या सिकंदरनं महाराष्ट्र केसरीची गदा घेतली तेव्हा हीच पोरं फटाके वाजवायला पुढं. ही कथा कुणी लिहिली नव्हती. आपोआप घडली आणि आपोआप पसरली. एप्रिल २०२२ ला साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलनं गदा आणली, विनोद चौगुलेंनंतर दोन दशकांनी कोल्हापूरला. त्या दोन दशकांचा उपास हीसुद्धा केवढी गोष्ट होती. आपण ती सत्काराच्या भाषणात संपवली.

मुलींबद्दल थोडक्यात. मुरगूडच्या पोरी बाहेर जाऊन पदकं आणतात, मार्च २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली. तिकडं २०१९ ला त्यांच्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाची शेवटची, मानाची कुस्ती तीन बायकांची होती. आपल्या किती मैदानांच्या पोस्टरवर मुलींचा जोड पहिल्या पाचांत असतो? उत्तर मला नको, पोस्टर छापताना द्या.

बाकी मागण्या फार नाहीत. जोड आठ दिवस आधी जाहीर करा, आणि नुसता फोटो नको. हे दोघं आधी कुठं भिडले, निकाल काय, कुणाचा वस्ताद कोण, हे चार ओळींत टाका, तेही मोबाईलवर. सत्कार दुपारीच उरका, आणि पाहुण्यांना आखाड्याबाहेर बसवा. राजानं उतार बांधलाय तो त्यासाठीच. एक नंबरची कुस्ती साडेआठच्या आत लागली पाहिजे, कारण सकाळी पोरांना शाळा आहे आणि बापाला एमआयडीसीत पहिली पाळी. वेळ ठरवा, वेळेत निकाल नाही तर गुणांवर द्या, पण 'सोडली' हा शब्द बंद करा. रेंगाळणाऱ्याचं बक्षीस कापून नारळाच्या कुस्तीतल्या पोरांत वाटा, बघा कसे डाव निघतात. निवेदकानं विशेषणं निम्मी करावीत आणि डाव सांगावा: पाय कुठं अडकलाय, आता सुटायचं कसं, कलाजंग बसली तर काय होईल. हलगी मात्र आहे तशीच ठेवा, तिच्यापुढं त्यांचं एन्ट्रीचं म्युझिक काहीच नाही. आणि प्रत्येक मैदानाचं चित्रण तालमीनं स्वतः जपून ठेवा. सतपाल-बिराजदारांची कुस्ती आम्ही ऐकली, पोरं ऐकून समाधान मानणार नाहीत.

आबांनी जपलेली जुन्या मैदानांची हँडबिलं माझ्याकडं ट्रंकेत आहेत. पिवळी पडलीत, घडीवर फाटलीत, पण जोड वाचता येतात, आणि काहींच्या कडेला आबांनी पेन्सिलीनं निकाल आणि डाव लिहून ठेवलेत. कुठल्याही तालमीला, कमिटीला त्यातून पुस्तिका नाहीतर पोरांसाठी मल्लांची कार्डं छापायची असतील तर सांगा, मी आणून देतो. मोबदला नको. पुढच्या मैदानाचा पासही नको. रास्त दराचं तिकीट लावा, मी दोन काढतो.

आपला,
मंगळवार पेठेतला एक प्रेक्षक